गोदामातला कोरडा आवाज

"हे बघ, माझं गाणं तेवढं लावू नकोस. हात जोडतो तुला," फोनवरून पोस्टमन म्हणाला आणि वर स्वतःच खो खो हसला. हसता हसता त्याला ढास लागली.

कानसेनने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. रेडिओ केंद्राची खोली एवढीशी, की काचेपलीकडे बसलेल्या केंद्रावरच्या बाईंनाही ती ढास ऐकू गेली असावी. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"अरे, चांगलं वाजवलं होतंस म्हणून लावतो ना," कानसेन म्हणाला.

"चांगलं म्हणूनच तर! वेल्डरचं चांगलं म्हणून लावलंस, तो आठवड्यात गेला. 'तिसरी पाळी' बँडच्या गायकाचं लावलंस, तो पंधरवड्यात आटोपला. ड्रमवाल्याने तर पुढचा रविवारसुद्धा बघितला नाही. लोक तुला काय म्हणायला लागलेत ठाऊक आहे?"

"काय?"

"पांढऱ्या पायाचा."

पोस्टमन पुन्हा हसला, पुन्हा खोकला, आणि फोन ठेवून मोकळा झाला. कानसेनही हसला खरा, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. तरुणपणी गावातली सगळी पोरं काही ना काही वाजवत होती, तेव्हा ह्याच्या हाताला मात्र काही म्हणता काही जमलं नाही. गिटार दिली तर तार तुटायची, ड्रमवर बसवला तर ताल हरवायचा. पण ऐकायला बसला की ढिम्म हलायचा नाही. म्हणून पोरांनी त्याला कानसेन करून टाकला आणि ते नाव त्याला जन्माचं चिकटलं.

त्या दिवसांत गावात वेगळंच वारं शिरलं होतं. कुणा ट्रकवाल्याने आणलेल्या कॅसेटांमधून रॉक आलं, आणि त्याच्या पाठोपाठ अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतली, गिटार, बॅन्जो आणि माउथ ऑर्गनवरची गाणी. ब्रेकच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या पोरांनी ती उचलली. थोडे दिवस नक्कल चालली. मग त्याच ढंगात ते आपली गाणी बांधू लागले. पाळीची, भोंग्याची, लांबच लांब रस्त्यांची, रुसून गेलेल्या बायकोची. बँडांची नावं तरी काय, तर 'तिसरी पाळी' आणि 'गंजलेले नटबोल्ट'. नावं ऐकून हसणारी माणसं गाणं ऐकून गप्प व्हायची.

कारखाना कधीच बंद पडला. गाणारे पांगले, कुणी पोस्टात लागलं, कुणी दुकान टाकलं. गाणी तेवढी कानसेनकडे राहिली, जुन्या टेपांवर. दर रविवारी सकाळी अर्धा तास तो ती रेडिओवरून गावाला ऐकवायचा. त्याची पद्धत ठरलेली होती. एका रविवारी एकच गाणं, पण तेच दोनदा. आधी काही न सांगता नुसतं वाजवायचं. मग ते कुणी बांधलं, कुणी वाजवलं, त्या वेळी कुणाचं कुणाशी वाजलं होतं, सगळं रंगवून सांगायचं, आणि पुन्हा तेच गाणं लावायचं. पहिल्यांदा कानासाठी, दुसऱ्यांदा माणसासाठी, असं तो म्हणायचा.

अलीकडे कुणी अंथरूण धरल्याचं कानावर आलं की त्याचं गाणं तो पुढच्या रविवारी घ्यायचा. बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटेल, एवढाच हेतू. त्यामुळे गाण्याने माणूस मरत नाही, आजारी माणूसच मरतो, हे त्याला पक्कं कळत होतं. तरी एकामागून एक तिघं गेले, आणि तिघंही दम लागून गेले, शेवटी भिंतीला धरूनच चालायचे, ही गोष्ट त्याचं मन कुरतडत राहिली. लोक म्हणायचे, सिगारेटी फुंकल्या, दुसरं काय होणार. पण ड्रमवाल्याने जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता.

घरी आला तर दारातच मायलेकींचं वाजलेलं.

"अहो, बघा तुमच्या लेकीचे केस," बायको म्हणाली. "पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखी आली आहे. काळं जाकीट पार पांढरं करून आणलंय. विचारलं कुठे होतीस, तर म्हणते गुपित आहे."

मुलगी आरशासमोर उभी राहून केस झटकत होती. ती कॉलेजात शिकत होती आणि बॅन्जो वाजवत होती. बापाला न जमलेलं तिला सहज जमलं, याचा बापाला एवढा अभिमान की दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो नजर तपासता तपासता हे सांगायचा.

"बाबा, आम्हाला सरावाला एक जागा मिळालीये," ती म्हणाली. "आत्ता काही सांगणार नाही. पण ऐकशील तेव्हा उडशील. तू रेडिओवर सारखं म्हणतोस ना, तसला आवाज आता कुठे मिळत नाही म्हणून?"

"कसला आवाज?"

"बघशील रे!"

तिच्या खांद्यावरची धूळ त्याने लाडाने हातानेच झटकली. खिडकीतून आलेल्या उन्हात ती बराच वेळ तरंगत राहिली, खाली बसेचना.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो इस्पितळात गेला. त्याची ताई तिथे होती. शाळेत शिवण शिकवण्यात तिचा जन्म गेला. लग्न केलं नाही, कुणापुढे वाकली नाही, आणि धाकट्या भावाला आईच्या मायेने आणि बापाच्या धाकाने वाढवलं. आता उशांच्या चळतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. नाकाला नळी होती. तरी जीभ जशीच्या तशी.

"ये पांढऱ्या पायाच्या," ती म्हणाली.

"तुझ्यापर्यंतही पोचलं का?"

"पोस्टमन आला होता बघायला. तो निम्मा वेळ खोकला आणि निम्मा वेळ तुझ्या चहाड्या करत बसला." ती थांबली. दोन श्वास घेतले. "हे बघ, या रविवारी माझं गाणं लाव."

कानसेन तिच्या उशा सारख्या करू लागला. ताईने जन्मात एकच गाणं गायलं होतं, 'मागच्या दाराची कडी'. 'तिसरी पाळी'ने वाजवलं होतं, पोस्टमनचा माउथ ऑर्गन होता आणि बांधलं होतं ताईनेच. मागच्या दाराची कडी लावू नका, मी उशिरा का होईना पण येणार आहे, एवढंच त्यात होतं. तिच्या आवाजात ते ऐकताना घराबाहेर असलेला प्रत्येक माणूस आठवायचा. इतकी वर्षं त्याने ते रेडिओवर लावलं नव्हतं. आधी घरचंच म्हणून लोक बोट दाखवतील या संकोचाने, आणि आता भीतीने.

"पुढे बघू," तो म्हणाला.

"पुढे कुठलं आलंय? मी काय गाण्यामुळे जाणार आहे? जायची ती जाणारच. पण एकदा, आपला आवाज भिंतीपलीकडे गेला, हे मला ऐकायचंय." तिने त्याचा हात धरला. "आणि ऐक. सुरुवातीचा तो खोकला कापू नकोस."

त्या टेपवर गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी बारीकसं खोकलेलं होतं. कॉम्प्युटरवर गाणं घेताना कानसेनने तेवढा तुकडा काढून टाकला होता.

"तुझा खोकला कशाला लोकांना ऐकवायचा?"

"माझा? अरे वेड्या, तो तुझा आहे. कोपऱ्यातल्या ढिगावर बसला होतास तू. सगळे तुझ्यावर ओरडले होते. एवढ्या सगळ्या गाण्यांत तुझा तेवढाच आवाज आहे, आणि तोच कापून बसलास!"

दोघंही हसले. तेवढ्यात छातीच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी ताईच्या छातीचा फोटो खिडकीशी धरून पाहिला, आणि तपासायचं सोडून वेगळंच विचारलं.

"तुम्ही ब्रेकच्या कारखान्यात कामाला होतात का?"

"छे. मी शाळेत शिवण शिकवायची."

"घरातलं कुणी? वडील, भाऊ? त्यांचे कामाचे कपडे तुम्ही धुवायचात का?"

"आमच्या घरातलं कुणीच तिथे नव्हतं."

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "कारखान्यातले पेशंट मी पाहिलेत. तिथे ॲस्बेस्टॉस वापरायचे, पांढऱ्या धाग्यांचा भुगा असतो बघा. तो श्वासातून आत गेला की बाहेर पडत नाही. वीस वर्षं, तीस वर्षं गुपचूप बसून राहतो, आणि मग असं करतो. पण तुम्ही कारखान्यात पाऊल टाकलं नाहीत, मग तुमच्या छातीत हा आला कुठून?"

ताईने भावाकडे पाहिलं. भाऊ भिंतीकडे पाहत होता.

कारखान्यामागे पत्र्याचं एक गोदाम होतं. पोरं तिथे सराव करायची. पण पत्र्यामुळे आवाज असा घुमायचा की कोण काय वाजवतंय ते कळायचं नाही. तेव्हा ड्रमवाल्याला युक्ती सुचली. कारखान्यात रिकामी पोती मुबलक पडलेली होती, कच्चा माल यायचा त्यातून. ती आणून छतापासून जमिनीपर्यंत चारी भिंतींना टांगली. आवाज एकदम कोरडा झाला. गाणारा अगदी कानाशी येऊन गातोय असं वाटायचं. सगळ्या टेपा तिथेच भरल्या गेल्या, ताईचीही, आणि तिच्यासाठी ती महिनाभर तिथे सरावाला येत होती. त्या आवाजावर कानसेनचा जीव होता. गेल्याच महिन्यात त्याने रेडिओवरून कौतुकाने सांगितलं होतं, की अशी पोती टांगून जो आवाज मिळाला तो लाखाच्या स्टुडिओत मिळणार नाही, आणि ती पोती अजून तिथेच असतील.

उरलेली पोती कोपऱ्यात ढीग करून ठेवली होती. त्यावर बसून तो रोज संध्याकाळी ऐकायचा. उठला की बसलेल्या जागेतून पांढरा धूर निघायचा आणि पोरं त्याला हसायची.

आणि मग त्याला मुलीचे केस आठवले.

"काय झालं रे?" ताई म्हणाली.

"आलोच," एवढंच म्हणून तो निघाला.  रिक्षा मिळेपर्यंत त्याने मुलीला किती वेळा फोन केला कुणास ठाऊक. ती उचलत नव्हती. वाजवत असताना ती फोन उचलत नसे, आणि ही शिस्त तिला त्यानेच लावली होती.

गोदाम लांबूनच ऐकू आलं. कुलूप तोडून कडीला दोरी बांधलेली होती. दार ढकलून तो आत शिरला आणि जागच्या जागी थांबला.

पत्र्याच्या भोकांतून ऊन आत उतरलं होतं. पोती तशीच होती, फक्त काळी पडलेली. मधोमध मुलगी आणि तिचे सोबती वाजवत होते. ड्रमचा ठोका पडला की चारी भिंतींवरची पोती किंचित थरथरायची आणि त्यांतून बारीक पांढरं काहीतरी सुटायचं. ठोका, आणि भुरभुर. ठोका, आणि भुरभुर. उन्हाच्या तिरिपींत ते चमकत होतं. मुलगी डोळे मिटून, तोंड उघडं टाकून गात होती. आणि आवाज तोच होता. तोच कोरडा, कानाशी आलेला आवाज. क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला तो आवडला. त्या क्षणाची त्याला पुढे फार शरम वाटली.

"बंद करा!" तो ओरडला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो वायर शोधत गेला आणि त्याने ती हिसकून काढली. दुसऱ्याचं गाणं त्याने आयुष्यात पहिल्यांदा मध्येच तोडलं.

"बाबा!" मुलगी भडकली. "हे काय? आम्ही तुझ्यासाठी—"

"बाहेर. सगळे बाहेर. वाद्यं राहू देत, काही उचलू नका. तोंडावर रुमाल धरा."

बाहेरच्या नळावर त्याने तिचं डोकं स्वतः धुतलं, ती लहान असताना धुवायचा तसं. पाणी पांढुरकं होऊन वाहत होतं. ती आधी रागावली, मग स्वतःच नळाखाली वाकली.

"ही पोती तुम्ही हलवली का?" त्याने विचारलं.

"झटकली ना. सगळी उतरवून झटकली आणि पुन्हा टांगली. किती धूळ होती माहितीये? दोन दिवस शिंकत होतो आम्ही."

तो नळाजवळच खाली बसला. 

डॉक्टरीणबाईंनी पोरांना तपासलं. "थोडेच दिवस तिथे होते, तेव्हा काही होईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण होणार नाही असं मी लिहून देणार नाही. आत्ता काही दिसायचं नाही. दर वर्षी येत जा." मग त्या कानसेनकडे वळल्या. "तुम्हीही फोटो काढून घ्या." त्याने मान हलवली, आणि रविवार होऊ दे मग बघू, असं मनाशी म्हणाला.

रविवारी सकाळी बायको दारात आडवी उभी राहिली. "अहो, आज नको ना. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण आज नको. लोक काय म्हणतील? बहिणीलाही सोडलं नाही म्हणतील."

"तिनेच मागितलंय," तो म्हणाला. "आणि मला लोकांना सांगायचंय ते तिच्या गाण्याशिवाय सांगता येणार नाही. पोस्टमनला सांगायचंय. तो हसण्यावारी नेतोय."

मुलगी आत्याजवळ बसणार होती, रेडिओ घेऊन. निघताना त्याने तिला बजावलं, "मी आत असताना फोन करू नकोस. काही कमीजास्त झालं तरच कर."

केंद्रावरच्या बाईंनी गाण्याचं नाव पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि प्रक्षेपणाचा लाल दिवा लावला. त्याने नेहमीसारखं काही न सांगता गाणं सुरू केलं, सुरुवात कापलेलं. ताईचा तरणा आवाज खोलीत आला. मागच्या दाराची कडी लावू नका. पोस्टमनचा माउथ ऑर्गन तिच्या मागून हळूहळू येत होता, एखादा माणूस दिवा घेऊन मागून चालावा तसा.

गाणं संपलं. कानसेन माइकशी वाकला.

"ही माझी ताई," तो म्हणाला. "आत्ता इस्पितळात आहे आणि ऐकते आहे. गाणं तिनेच बांधलं. तिचा आवाज केवढा जवळून येतो, ऐकलंत ना? मी त्या आवाजाचं तुमच्यापाशी फार कौतुक केलं. आज तो आवाज कशाने व्हायचा ते सांगतो."

मग त्याने गोदामाचं सांगितलं. पोत्यांचं सांगितलं, त्यांत आधी काय असायचं ते सांगितलं. वेल्डर, गायक, ड्रमवाला कशाने गेले ते सांगितलं, आणि गाण्याने नाही गेले हेही सांगितलं. "जे जे तिथे गायले, वाजवायला आले, नुसते ऐकायला बसले, त्यांनी उद्याच छातीचा फोटो काढा. दम लागत नसला तरी काढा. पोस्टमन, तू आधी. आणि पोरांनो, त्या गोदामाच्या आसपास फिरकू नका. तो आवाज नको आपल्याला. त्याच्यावाचून गाता येतं." त्याने टेप पुढे ओढली.  "आता तेच गाणं पुन्हा. या वेळी पुरतं लावतो. आधी कुणीतरी खोकेल. तो मी."

त्याने मूळची टेप लावली. खरखर झाली. त्या खरखरीतून एक कोवळा, बारीकसा खोकला आला, तरुण पोराचा, निष्काळजी. कुणीतरी लांबून "गप रे" म्हणालं. कुणीतरी हसलं. मग ड्रमवाल्याने काठ्या आपटून ताल दिला आणि ताई गाऊ लागली.

काचेपलीकडे केंद्राचे फोन वाजू लागले असावेत. बाई एक ठेवून दुसरा उचलत होत्या. कानसेन हेडफोन कानांवर दाबून धरून ऐकत होता.

गाणं अर्ध्यावर आलं, माउथ ऑर्गन सुरू झाला, तेव्हा टेबलावर ठेवलेला त्याचा मोबाइल उजळला. आवाज बंद होता, नुसता पडदा उजळला होता, आणि त्यावर मुलीचं नाव होतं. तो विझला, पुन्हा उजळला.

कानसेनने त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. ताई कानांत गात होती, मी उशिरा का होईना पण येणार आहे. अजून शेवटचं कडवं राहिलं होतं.

गाणं संपेपर्यंत त्याने फोन उचलला नाही.